सुगंधी फ्लेक: डब्यातला वास, तोंडातली चव आणि पडद्यात उरणारा गंध

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. जहाजावर असलेल्या मेव्हण्यांनी इंग्लंडहून सुगंधी फ्लेकचा, म्हणजे दाबून पातळ काप पाडलेल्या पाईपच्या तंबाखूचा डबा आणला. झाकण उघडलं तर मोती साबणाची नवी वडी सोडल्यासारखा वास. पाईपमध्ये भरून ओढली, तर ना गुलाब ना बदाम, नुसती गरम वाफ आणि जीभ चरचरली. घरातली मंडळी मात्र म्हणाली, ‘आज कसला छान वास येतोय!’ त्यात फ्लेकवर पांढरे ठिपके दिसले. आता त्या पाईपमध्ये साधी तंबाखू भरली तरी तोच साबण येतो. डबा खराब निघाला, भेसळीचा आहे, की ओढण्यात काही चुकतंय, असं तुम्ही म्हापशाहून विचारलंय, आणि तेही ऐन जुलैत.

डबा बहुधा ठणठणीत आहे. निम्मा दोष जुलैचा आणि निम्मा घाईचा.

माझी हयात जर्दा, तपकीर आणि पाईपच्या तंबाखूसाठी सुगंधी कंपाउंड बनवण्यात गेली, आता फोंड्याला घरी असतो. तेव्हा साबणापासूनच सुरुवात करतो. इंग्लंडच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात केंडल नावाचं गाव आहे. तिथे १७९२पासून तपकीर होते. गावाच्या आसपास पाणचक्क्यांवर तपकीर दळली जायची, आणि तपकिरीला सुगंध लागतोच, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. गुलाब, जिरेनियम, लवंग, कडू बदाम, टोंका बी. तपकिरीसाठी तयार झालेला हा सगळा सरंजाम तिथल्या कारखान्यांनी पुढे पाईपच्या तंबाखूलाही लावला. सॅम्युअल गाविथ आणि गाविथ हॉगार्थ ही तिथली दोन जुनी नावं. एनरडेल फ्लेक हा त्यातला सगळ्यात गाजलेला, म्हणजे ज्याच्यावरून पाईपवाल्यांत सरळ दोन तट पडतात असा. आयरिश परंपरेतला एरिनमोर वेगळा, त्याचा वास फळांकडे, अननसाकडे झुकतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा डबा पहिल्या घराण्यातला दिसतो.

साबण बनवणाऱ्यांनी आणि तंबाखूवाल्यांनी माल एकाच दुकानातून उचलला, एवढीच गोष्ट आहे. जिरेनिऑल, फिनाइल इथाइल अल्कोहोल, कूमरिन ही तीन द्रव्यं एकत्र आली की ज्याने आयुष्यभर सुगंधी साबण वापरलाय त्याचं नाक ‘साबण’ असंच म्हणणार. कनौजच्या गुलाबाच्या अत्तराशी आधी ओळख झालेला माणूस हाच डबा हुंगून ‘अत्तर’ म्हणेल. त्यामुळे भेसळीची शंका मनातून काढून टाका.

यातलं कूमरिन जरा खुलवून सांगण्यासारखं आहे. टोंका ही दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची काळी, सुरकुतलेली बी. १८२०मध्ये तिच्यातून कूमरिन वेगळं केलं गेलं आणि १८६८मध्ये विल्यम पर्किन यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. वाळत घातलेलं गवत, थोडा व्हॅनिला, थोडा बदाम असा त्याचा वास. अमेरिकेत १९५४पासून खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी आहे, कारण जनावरांवरच्या चाचण्यांत यकृतावर परिणाम दिसला होता. तंबाखूत मात्र ते राहिलं. डबा उघडून थोडा वेळ ठेवला की गुलाब मागे सरतो आणि खाली एक गोडसर, कोरडा वास उरतो, तो हा. धंद्यात आम्ही त्याला ‘तळ’ म्हणायचो. वरचे वास उडून गेले की माल ज्याच्यावर उभा राहतो ते.

आता गुलाबच का, हे बघा. पाईपच्या फ्लेकमध्ये मुख्य पान असतं व्हर्जिनिया. आपल्याकडे आंध्रात आणि मैसूरच्या बाजूला होतं तेच, भट्टीच्या गरम हवेत वाळवलेलं, पिवळं. भट्टीच्या उष्णतेने पानातली साखर तशीच बंद होते. सावलीत आठवडेच्या आठवडे वाळणारं बर्ली पान मरता मरता आपलीच साखर खाऊन टाकतं, म्हणून बर्ली कोरडी आणि व्हर्जिनिया गोड. या पिवळ्या पानातले रंगकण मुरताना फुटतात आणि त्यातून आयोनोन, डॅमासिनोन अशी द्रव्यं तयार होतात. डॅमासिनोन गुलाबाच्या तेलातही असतं, अगदी लेशमात्र, पण गुलाबाचा गुलाबपणा बराचसा त्याच्यावर असतो. म्हणजे चांगल्या, मुरलेल्या व्हर्जिनियात गुलाबाचा एक धागा मुळातच आहे. केंडलच्या कारागिरांना हे रसायन ठाऊक असायचं कारण नाही, त्यांनी नाकाने ओळखलं. निपाणीच्या विडीच्या तंबाखूवर तोच गुलाब घालून बघा, तंबाखू एकीकडे आणि गुलाब दुसरीकडे, दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. मी हे करून पाहिलंय आणि तो नमुना कुणालाही दाखवला नाही.

फ्लेक बनते कशी, हे थोडक्यात. पानं ओलसर करून शिरा काढायच्या, त्यांना साखर, ज्येष्ठमध वगैरेचा पाक पाजायचा, थर रचून वाफेच्या उष्णतेत दाबयंत्राखाली ठेवायचे. दाबाखाली पानं एकजीव होतात, रंग गडद होतो, कच्चा उग्रपणा जातो. त्या वड्यांचे मग पातळ काप पाडायचे. ज्या सुगंधाबद्दल तुम्ही विचारताय तो पाकापेक्षा वेगळा. तो वरून, बहुतेक वेळा शेवटी शिंपडलेला असतो. पाक पानाच्या आत जातो आणि जळताना चव बनतो, शिंपडलेला सुगंध पानाच्या अंगावर बसतो आणि उष्णता लागली की पहिल्यांदा उठून जातो. तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या उठून जाण्यात आहे.

पाईप पेटलेला असताना आत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. वर निखारा. सिगारेटचा निखारा झुरका घेताना ९०० अंशांच्या आसपास जातो, पाईपचा त्याहून बराच थंड, तरी कुठलंही सुगंधी द्रव्य निखाऱ्यात सापडलं की जळून खाक. तुमच्या तोंडात जो गुलाब यायला हवा तो निखाऱ्यातून येतच नाही. तो येतो निखाऱ्याच्या खालच्या, अजून न जळलेल्या थरातून. गरम धूर त्या थरातून खाली ओढला जातो, पानाच्या अंगावरची द्रव्यं उडवतो आणि सोबत घेऊन येतो. हे सरळ सरळ ऊर्ध्वपातन आहे, फेणीच्या भाटीत होतं तेच, आणि भाटीवाल्याला आग धगधगती ठेवून चालत नाही तसं तुम्हालाही चालणार नाही. झुरके जोरात आणि पाठोपाठ घेतले की निखारा खालच्या थराला सुगंध सोडायला वेळ न देता गाठतो आणि सुगंधासकट जाळतो. तुमचं बहुधा हेच झालं.

शिवाय सगळी द्रव्यं एकाच वेळी उठत नाहीत. कडू बदामाचं बेंझाल्डिहाइड १८० अंशांच्या आतच उकळतं, गुलाबाचं फिनाइल इथाइल अल्कोहोल २२०ला, जिरेनिऑल २३०ला, व्हॅनिलिन २८५च्या आसपास, कूमरिन ३००च्या. निकोटिन स्वतः २४७ला. त्यामुळे एकाच बाउलमध्ये, म्हणजे पाईपच्या एका भरलेल्या वाटीत, चव सरकत जाते. पहिल्या तृतीयांशात बदाम आणि फूल पुढे, तिथे कित्येकांना ‘साबण ओढतोय’ असं वाटतं आणि ते पाईप बाजूला ठेवतात. थांबायला हवं ते मधल्या टप्प्यासाठी. तिथे फुलाची धार गेलेली असते, कूमरिनचं गवत आणि व्हर्जिनियाची गोडी एकत्र येते, आणि सुगंधी फ्लेक आवडणारी माणसं पैसे मोजतात ते या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांचे. शेवटचा भाग नुसत्या तंबाखूचा, थोडा मिरमिरीत, थोडा कडवट. माझं मत विचाराल तर चांगल्या फ्लेकची परीक्षा शेवटच्या भागात होते. सुगंध निघून गेल्यावर खाली पान बरं उरलं पाहिजे. जिथे पानच हलकं असतं तिथे शेवटाला नुसता ओला कागद जळतो.

घरच्यांना वास आला आणि तुम्हाला नाही, याचंही कारण असंच साधं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू, उमामी एवढंच कळतं, गुलाब जिभेला कळत नाही. तो नाकाला कळतो, आणि धूर तोंडातच ठेवून तोंडानेच सोडला तर नाकापर्यंत फार थोडा पोचतो. थोडा धूर तोंडात असताना तोंड मिटून श्वास अगदी हळू नाकावाटे सोडा. छातीत घ्यायचा नाही, फक्त टाळूच्या मागून वर जाऊ द्यायचा. पहिल्यांदा ठसका लागेल, तेव्हा चिमूटभरच. दुसरं, नाक एका वासाला पटकन सरावतं. डबा हुंगत हुंगत फ्लेक चुरलीत, म्हणजे पाईप पेटण्याआधीच गुलाब तुमच्या नाकाला जुना झाला. बाहेरून आलेल्या माणसाचं नाक कोरं असतं. खोलीतला वास मुख्यतः झुरक्यांच्या मधल्या वेळात मंद जळणाऱ्या तंबाखूतून उठलेला असतो, म्हणून तो तुमच्या तोंडातल्यापेक्षा सौम्य आणि गोड लागतो. त्या कौतुकावर फार विसंबू नका. रात्री दरवळणारा धूर सकाळी पडद्यात शिळा होऊन बसतो, त्यात गुलाब औषधालाही नसतो. बंद खोलीत, लहान मुलं असलेल्या घरात तर मुळीच ओढू नका. आणि बाहेर, चारचौघांत ओढायचं म्हणाल तर गोव्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला १९९७च्या स्वतंत्र कायद्याने मनाई आहे.

आता जीभ. तुमचा डबा बंद खोलीत, थंड हवेच्या देशात भरला गेला आणि म्हापशात पावसाळ्यात उघडला. अशा फ्लेक मुद्दाम ओलसर ठेवलेल्या असतात, कित्येकांत प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते पाणी धरून ठेवतं. विलायतेत लोक काप काढून तासभर बशीत पसरून ठेवतात आणि ती वाळते. तोच सल्ला वाचून तुम्हीही बशीत ठेवली असणार. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात, उघडा पापड दहा मिनिटांत सादळतो. त्या हवेत तंबाखू वाळत नाही, उलट आणखी पाणी पिते. मग ती पेटायला मागत नाही, तुम्ही जोरात ओढता, पाण्याची वाफ होते, आणि वाफ जिभेवर थंड होताना आपली सगळी उष्णता तिथेच टाकते. वाफ कोरड्या गरम हवेपेक्षा किती वाईट भाजते हे कुकरची शिट्टी काढताना हात पोळलेल्या कुणालाही विचारा.

पावसाळ्यातला उपाय असा. काप मोकळा करून कागदावर पसरा आणि टेबललॅम्पच्या जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवा. एलईडीची ऊब पुरत नाही. तसा बल्ब नसेल तर चहा करून झाल्यावर गॅस बंद करून कोमट तव्यावर कागद ठेवून त्यावर पसरा. हाताला तवा नुसता उबदार लागला पाहिजे, त्याहून गरम असेल तर गुलाब स्वयंपाकघरातच उडून जाईल. दर पाच मिनिटांनी चिमूट दाबून बघा. गोळा होऊन चिकटून राहिली तर ओली, कुरकुरली तर जास्त वाळली, दाबल्यावर हळूहळू उलगडली तर झाली. ग्लायकॉलवाली फ्लेक हाताला नेहमीच किंचित ओशट लागते, तिला कुरकुरीत करायच्या नादी लागू नका. थोडा सुगंध वाळवताना जातोच. जाऊ द्या, पहिल्या टप्प्यातला साबण त्याने कमीच होतो.

भरायची पद्धतही बदला. तुम्ही काप पूर्ण चुरून भरलात असं दिसतं. चुरलेली तंबाखू झटकन पेटते, गरम जळते आणि सुगंध पहिल्या दहा मिनिटांत उधळून टाकते. सुगंधी फ्लेकला घडी घालून भरणं जास्त मानवतं. काप आधी लांबीत दुमडायचा, मग आडवा, बोटांत एकदा हलकेच पिळायचा म्हणजे थरांमध्ये हवा जायला फटी पडतात, आणि कापाची टोकं वर येतील असा बाउलमध्ये सरकवायचा. वर बोटभर चुरा पसरायचा, तो पेटवणाला. ठासायचं नाही. न पेटवता एकदा ओढून बघा, हवा सहज आली पाहिजे. काडेपेटीची काडी वापरा आणि तिचा गंधक जळून जाईपर्यंत थांबा. पेट्रोलच्या लायटरने पेटवलेल्या गुलाबाला पेट्रोलचाच वास येतो. पहिल्या आगीने वरचे धागे उभे राहतात आणि बहुतेक वेळा पाईप विझतो. हलक्या हाताने दाबून पुन्हा पेटवा. नंतर झुरका असा, की शेजारी बसलेल्याला पाईप चालू आहे की विझलाय असा प्रश्न पडावा. बाउल गालाला लावून बघायची सवय ठेवा. गालाला सोसवेनासा झाला तर पाईप खाली ठेवायचा, विझला तर विझू द्यायचा.

पण एवढं सगळं करून जिभेची चरचर थांबली म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं समजू नका. पाईपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्याने होतो, आणि गुलाबाने त्यात काडीचाही फरक पडत नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर पाईपची चर्चा नंतर, आधी दाताचा डॉक्टर. आणि मेव्हण्यांच्या डब्यामुळेच तुम्ही पाईपकडे वळला असाल, तर डबा उघडून हुंगण्यातच त्याचं निम्मं सुख आहे, तिथेच थांबलात तरी काही बिघडणार नाही.

पांढरे ठिपके. उजेडात भिंग धरून बघा. चमकणारे, टोकदार, मिठाच्या बारीक कणांसारखे असतील तर ते मुरताना पृष्ठभागावर आलेले स्फटिक, काळजी नाही. कापसासारखी तंतूदार, हिरवट किंवा राखाडी झाक असलेली लव असेल आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. सुगंधी तंबाखूत हा कुबटपणा गुलाबाखाली दडतो, म्हणून एक काप डब्यापासून दूर नेऊन, हात धुऊन हुंगा. बुरशी असेल तर सगळा डबा टाकायचा. खराब काप वेगळे काढून बाकीचे वाचवायच्या भानगडीत पडू नका, भिजट हवेत ती कधीच पसरलेली असते.

डबा बरा निघाला तर तंबाखू त्यात ठेवू नका. आपल्या खाऱ्या हवेत पत्र्याच्या डब्याची कड आतून गंजते, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि दिसतही नाही. रबरी कडीचं झाकण असलेली काचेची बरणी घ्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या फळीवर मात्र नको. सुक्या बांगड्यांशेजारी ठेवलेल्या बरणीतल्या गुलाबाचं काय होतं ते मी लिहून दाखवणार नाही. फ्रिजही नको, बाहेर काढली की झाकणाच्या आतून दव धरतं. बरणीत ती वर्षभर मुरली तर वरचा साबण बसतो आणि तळ वर येतो. एनरडेलसारख्या फ्लेकला थोडं जुनं होऊ देणं मला स्वतःला पसंत आहे, जरी फुलाच्याच ओढीने ती घेणाऱ्यांना हे पटणार नाही.

राहता राहिला तुमचा पाईप. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, सच्छिद्र लाकूड. त्यात आणि आतल्या काजळीच्या थरात कूमरिन आणि गुलाब मुरून बसतात. जड द्रव्यं असल्यामुळे ती नुसत्या वाऱ्यावर ठेवून जात नाहीत. आधी आतली काजळी बोथट सुरीने कागदाच्या जाडीएवढी राहीपर्यंत खरवडा. मग बाउलमध्ये कापूस भरून तो कडक मद्याने भिजवा, नळीतही मद्यात बुडवलेला पाईपक्लीनर घालून रात्रभर ठेवा. सकाळी कापूस चहाच्या रंगाचा होईल. दोन दिवस वाळू द्या आणि गरज पडली तर पुन्हा करा. व्होडका चालेल, पांढरी रम चालेल. फेणी नको, काजूची तर नकोच. ताकद पुरेशी असते, पण साबण घालवून त्याजागी काजूचं बोंड आणून बसवाल आणि मग ते काढायला मला पुन्हा लिहाल. दवाखान्यातलं स्पिरिटही वापरू नका, त्यात मिसळलेली द्रव्यं तोंडात जाण्याजोगी नसतात.

एवढं करूनही थोडा वास राहीलच, आणि तो राहिला तर तो पाईप याच फ्लेकसाठी ठेवून द्या. साध्या तंबाखूसाठी मक्याच्या कणसाचा स्वस्त पाईप मिळतो, अमेरिकेत मिसूरी राज्यात ते १८६९पासून बनतात. मेव्हण्यांना पुढच्या खेपेला तो आणायला सांगा आणि सोबत काहीही सुगंध न घातलेला नुसता व्हर्जिनिया फ्लेक. दोन्ही काप एकाच दिवशी, वेगवेगळ्या बशांत, शेजारी शेजारी ठेवून हुंगा. गुलाब कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं, ते तेव्हा कळेल.